दादांचा पंप आणि पुढचं ऑपरेशन

प्रिय मित्रा,

तुझा फोन ठेवल्यापासून तुझा तो एकच प्रश्न डोक्यात घोळतोय. हृदयाला रक्त ढकलायला मदत करणारा पंप बसवल्यावर दादा एवढे सावरले, मग डॉक्टर हृदयाच्या ट्रान्सप्लांटच्या धोक्यांबद्दल इतकं का बोलतात? इतकी वर्षं हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत काढली, तरी आपल्या माणसाबद्दल बोलताना माझी जीभ अडखळली. म्हणून लिहितोय.

पंपाने दादांना जगवलंय, यात शंकाच नाही. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाबही त्याने उतरतो. तो चढलेला राहिला तर नव्या हृदयाची उजवी बाजू टिकाव धरत नाही. पण पंप बसवण्याच्या पहिल्या ऑपरेशननंतर हृदय, पंपाची नळी आणि छातीचं हाड एकमेकांना चिकटून बसतात. दुसऱ्यांदा छाती उघडताना सर्जनला ते इंच इंच सोडवत जावं लागतं. त्यात वेळ जातो, रक्तही जातं. दादांचं रक्त गोळ्यांनी पातळ केलेलं, आणि पंपातून फिरताना रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिनही तुटत राहतं. इकडे दात्याचं हृदय बर्फात असेल तर 4 तासांच्या पुढचा प्रत्येक क्षण महागात पडतो. पहिल्या 24 तासांत नवं हृदय नीट चाललं नाही तर, ही आमची सगळ्यात मोठी भीती असते. दात्याचं वय, दादांचा मधुमेह, हे सगळं त्यात मोजलं जातं.

दुसरी एक गोष्ट पंपवाल्या पेशंटमध्ये जास्त दिसते. एका रात्रीची आठवण अजून ताजी आहे. इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, नवं हृदय छान आकुंचन पावत होतं, पेशंटचे हातपाय गरम होते, तरी रक्तदाब वर येईना. रक्तवाहिन्याच सैल पडल्या होत्या. औषधांचे डोस वाढवत, लघवीच्या पिशवीकडे बघत आम्ही पहाट केली. पेशंट वाचला, पण किडनीला काही दिवस डायलिसिसचा आधार लागला. दादांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, मी तुला सारखं विचारतो, ते यासाठीच.

आणखी एक. रक्त चढवलं की शरीरात परक्या पेशींविरुद्ध अँटीबॉडीज तयार होऊ शकतात, पंपामुळेही होतात. त्या वाढल्या की जुळणारं हृदय मिळणं अवघड होतं आणि मिळालेलं शरीर नाकारण्याचा धोका वाढतो. त्यांची तपासणी ठरल्या वेळी होतेय ना, एवढं टीमला विचार. हृदयाच्या ठोक्यांसाठी दादा अमिओडेरोन घेत असतील तर तेही बोल, कारण नवं हृदय सुरुवातीला मंद पडण्याशी त्याचा संबंध काही अभ्यासांत दिसलाय. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका.

पंपाची वायर पोटातून बाहेर येते ती जागा मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. तिथला जंतुसंसर्ग आत पंपापर्यंत पोचला, तर ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाल्यावर तो उसळू शकतो. वायरला साधा हिसका बसला तरी त्वचा फाटू शकते. वहिनी ड्रेसिंग करतात तेव्हा कडेला लाली, ओल, वास, काहीही दिसलं तर त्याच दिवशी टीमला कळवा. आज रात्रीच्या ड्रेसिंगचा फोटो मला पाठव, मी जागा आहे.

तुझाच