झोपून चालवायच्या सायकलचं काय ठरवलं ते

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही फोनवर विचारलंत की "झोपून चालवायची सायकल घेणार म्हणजे नक्की काय घेणार", आणि मागून आईचं सुरू झालं की ट्रकवाल्याला तू दिसणार तरी कशी. फोनवर नीट सांगता येईना म्हणून लिहितेय.

मूळ त्रास हाताचा आहे. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड, शर्यत नव्हे. दोनशे किलोमीटरची साडेतेरा तासांत संपवायची असते, तीनशेला वीस तास, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. तीनशेच्या शेवटी माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट इतकं बधिर होतं की पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, दुसऱ्या दिवशी कुर्त्याची बटणंसुद्धा लागत नाहीत. तळहाताच्या बुडाशी नस असते, ती हँडलवर तासन्‌तास दाबली जाते. जेलचे ग्लोव्ह्ज, जाड टेप, सीट मागे-पुढे, सगळं करून झालं, थोडा फरक पडतो पण दोनशेच्या पुढे परत तेच. आणि मला सहाशे करायचीच आहे.

झोपून चालवायच्या सायकलला रिकंबंट म्हणतात, तिच्यात पाठ टेकून आरामखुर्चीसारखं बसायचं, पाय पुढे, पेडल पुढे. वजन पाठीवर आणि कमरेवर, हातांनी हँडल नुसतं धरायचं. मानही वर करून ठेवावी लागत नाही. पुण्याच्या मैत्रिणीची इथे सोलापूरला आणली होती तेव्हा विजापूर रोडने मंद्रूपपर्यंत चालवली, सुरुवातीला हळू वेगात फार डगमगते, पण एकदा वेग धरला की समोरचा वारा जाणवतच नाही म्हटलं तरी चालेल कारण वाऱ्याला अंगच कमी लागतं. जून-जुलैत मोहोळकडे जाताना तो पश्चिमेचा वारा कसा छातीवर येतो ते बाबांना माहितीय.

आणि बाबा, हे काही नवीन फॅड नाहीये. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या फ्रेंच सायकलपटूने पॅरिसला अशाच सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटरच्या वर अंतर कापून १९१४ पासूनचा विक्रम मोडला, तर १९३४ मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेने ही सायकलच शर्यतींतून बाद केली! ब्रेव्हेत मात्र चालते, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरचीसुद्धा लोक यावर करतात.

आता अडचणी. चढाला उभं राहून पेडल मारता येत नाही, अंगाचं वजन टाकता येत नाही, नुसतं हलक्या गिअरवर पाय फिरवत राहायचं, त्यात सायकल काही किलोंनी जड, आणि वेग फार कमी झाला की तोल जातो. तुळजापूरच्या घाटात माझी परीक्षाच होणार. अक्कलकोट, पंढरपूर, विजापूर हे आपले सपाट रस्ते हिला सोयीचे, पण पुण्याच्या ब्रेव्हेत घाट असतात तिथे वेळ गाठणं अवघड. पायाचे स्नायूही वेगळे लागतात, जुना वेग यायला काही महिने जातात. खड्डा आला तर सीटवरून उठता येत नाही, दणका थेट पाठीत. शिवाय पाठीला घाम आणि तोंडावर ऊन, म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यात नकोच. वाटेत मोडली तर एवढी लांब सायकल एसटीत कोण घेणार, टेम्पोच बघावा लागणार.

आई, तुझ्या काळजीचं. सगळ्याच काही जमिनीला चिकटलेल्या नसतात, मी बघतेय ती उंच सीटची आहे, तिच्यावर बसल्यावर डोकं साधारण कारच्या ड्रायव्हरएवढ्या उंचीवर येतं. मागे उंच झेंडा, लाल लाईट, रिफ्लेक्टरचं जॅकेट आणि दोन्ही बाजूंना आरसे लावणार, कारण तीवर बसून मागे वळून बघता येत नाही. सात रस्ता चौकाच्या गर्दीत ती नेणारच नाही, गावात जुनीच. पडलेच तर उंचावरून हँडलवरून डोक्यावर पडायची भीती मात्र खूप कमी.

तर ठरवलंय असं की एकदम विकत घ्यायची नाही. हिवाळ्यात मैत्रिणीचीच ठेवून घेते, तिला सध्या लागत नाहीये. आधी सपाटीवर दोनशे, मग तीनशे, आणि बोटं नीट राहिली तरच सेकंडहँड बघायची. घाटाच्या राईडला जुनी आहेच, ती विकणार नाही. मला तरी वाटतं आपल्या भागासाठी हीच बरोबर आहे.

गड्ड्याच्या जत्रेला याल तेव्हा बाबा तुम्हीही बसून बघा, मी मागून धरते. पैसे मात्र पाठवू नका, दादालाही सांगा. आईच्या गुडघ्याचा एक्सरे काढला का ते कळवा.

तुमची,
ताई