नुसते शब्दार्थ पाठ करून इंग्रजी येणार कसं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहावीला बसणारं पोरगं दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं, तरी दोन वाक्यं बोल म्हटलं की अडतं. मी बरीच वर्षं गावात शिकवण्या घेते आणि अजूनही मुलांच्या वहीत तेच बघते, पान मधोमध दुमडायचं, डावीकडे शब्द उजवीकडे अर्थ आणि रोज दहा शब्द पाठ. सक्सेस म्हणजे यश हे सगळ्यांना येतं, पण वाक्य करतात "ही सक्सेस इन एक्झाम". यात मुलाची काय चूक, मराठीत यश या नामाचं क्रियापदच होत नाही, आपण यशस्वी होतो, यश मिळवतो, इंग्रजीत मात्र सक्सीड हे वेगळं क्रियापद आहे. मग सक्सीड, सक्सेस, सक्सेसफुल, सक्सेसफुली हे चारही एकदमच का नाही देत आपण? डिसाइड-डिसिजनचं तेच. आहार, विहार, प्रहार, संहार हे एकाच धातूचे शब्द आहेत हे मराठीच्या तासाला शिकवतो ना, तसंच इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट एका ओळीत मांडले की मुलं पुढचे शब्द आपणहून शोधायला लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

फ्रेझल व्हर्बचं, म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ असा छोटा शब्द जोडला की अर्थच बदलतो त्या जोड्यांचं, तर फारच वाईट वाटतं. माझ्या एका हुशार विद्यार्थ्याला नव्या नोकरीत साहेबांचा मेसेज आला की मीटिंग कॉल ऑफ करा, त्याने बिचाऱ्याने सगळ्यांना फोन करून मीटिंगला बोलावलं. कॉलचा अर्थ त्याला पाठ होता, पण कॉल ऑफ म्हणजे रद्द करणं आणि पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं हे शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर मला फोन केला तेव्हा रडवेला झाला होता, मला फार लागलं ते.

आणि हे आपल्या मुलांना अवघड जायचं काही कारणच नाही हो, आपली आई रोज म्हणते दूध पिऊन टाक, भात संपवून टाक, त्यात "टाक" म्हणजे फेकणं नसतं, काम पूर्ण करणं असतं, ड्रिंक अप आणि ईट अप मधलं अप अगदी तेच करतं. बोलत राहा म्हणजे कीप ऑन टॉकिंग. बंद पडणं, महाग पडणं, कमी पडणं यात खरोखर पडतं कोण? मराठीतून असं दाखवलं की पाच मिनिटांत डोक्यात बसतं. एकच गोष्ट घोटून घ्यावी लागते, ती म्हणजे "पिक इट अप" म्हणायचं, "पिक अप इट" नाही, पण लुक आफ्टरचे असे दोन तुकडे होत नाहीत, तिथे "लुक आफ्टर हिम"च. हे मात्र नियमाने नाही, बोलून बोलूनच येतं.

शिक्षकांना माझी विनंती आहे की रोज दहा शब्द नकोत, दोनच द्या, पण त्यांच्या सगळ्या रूपांसकट द्या आणि प्रत्येकाचं वाक्य मुलाच्या तोंडून वदवून घ्या. आणि आपल्या पेपरात आठवड्यातून एकदा एका क्रियापदाची अशी चौकट दिलीत तर शिकवणी न परवडणाऱ्या मुलांनाही ती कापून वहीत चिकटवता येईल. सुरुवात गेट पासून करा, गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, त्याच्यावरच मुलं सगळ्यात जास्त अडतात.

एक शिक्षिका, जि. सातारा