14 गावांची हद्द हलते, दप्तराचं काय?

मा. संपादक,

नवी मुंबईत घेतलेल्या 14 गावांबद्दल आपल्या दैनिकात अधूनमधून बातम्या येतात. कोणता पुढारी काय म्हणाला आणि किती कोटींचा बोजा पडणार, एवढंच त्यांत असतं. हद्द बदलली की गावातल्या कपाटांचं काय होतं हे कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी दहिसरचा. बोरिवलीच्या पुढचं दहिसर नव्हे, शिळफाट्यावरून तळोज्याकडे निघालं की लागतं ते, मोरीचं. (हा खुलासा मला बँकेपासून सोयरिकीपर्यंत सगळीकडे करावा लागतो.) 2007 नंतर गाव पुन्हा ग्रामपंचायतीत आलं, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी पंचायतीत वसुलीला होतो. घरपट्टी, पाणीपट्टी, नमुना 8 (घरपट्टी आकारणीची नोंदवही), पावतीपुस्तकं, यातच दिवस गेले.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 1 जानेवारी 1992 ला नवी मुंबई महापालिकेचा कारभार सुरू झाला, तेव्हा दहिसर, पिंपरी, नावाळी, भंडार्ली, गोटेघर, उत्तरशिव, वाकळण अशी ही 14 गावं तिच्या हद्दीत होती. पुढे घरपट्टी आणि आरक्षणांच्या धास्तीने आंदोलनं झाली आणि 2007 मध्ये गावं वगळली गेली. पंधरा वर्षांनी, मार्च 2022 मध्ये, तेव्हाचे नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत ती परत घेण्याची घोषणा केली. 2024 मध्ये अंतिम अधिसूचना निघाली. त्यानंतर नवी मुंबईतले नेते गणेश नाईक यांनी समावेशाला उघड विरोध केला, की या गावांचा खर्च नवी मुंबईकरांनी का सोसायचा. म्हणजे एकदा आत, एकदा बाहेर, परत आत, आणि परत बाहेर काढण्याची भाषा.

आमच्या घरचंच सांगतो. वडील 2001 मध्ये घरीच गेले, त्यांचा मृत्यूचा दाखला महापालिकेचा. आई 2013 मध्ये त्याच खोलीत गेली, तिचा दाखला ग्रामपंचायतीचा. वारस नोंदीसाठी दोन्ही लागले. आईचा मीच दप्तरातून काढला. वडिलांच्यासाठी एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने 'तुमचं गाव आता आमच्याकडे नाही' असं सांगून परत पहिल्याकडे. मला कागद कळतात, म्हणून निभावलं. ज्याला कळत नाहीत तो एजंटाला पैसे देतो. गंमत म्हणजे एवढ्या सगळ्यात सातबारा जागचा हलला नाही. तालुका ठाणे तो ठाणेच, तलाठीही तोच. महापालिकेची हद्द सरकली तरी महसुली गाव जिथल्या तिथे राहतं.

वसुलीच्या वेळी लोक मला विचारायचे, "महापालिकेच्या वेळची थकबाकी भरायची का रे?" मी काय सांगणार? माझ्या हातात पंचायतीचं पावतीपुस्तक, त्यांच्या हातात दुसऱ्याच संस्थेचं जुनं बिल. आता पंचायतीची थकबाकी महापालिकेच्या माथी आली आहे. उद्या गावं वगळली तर हेच सगळं उलट दिशेने.

कायदा काय म्हणतो तेही पाहा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 3 खाली राज्य सरकार महापालिकेशी सल्लामसलत करून, आधी मसुदा प्रसिद्ध करून, अधिसूचनेने हद्द बदलू शकतं. आता नवी मुंबईत हा सल्ला दिला कुणी? नगरसेवकांची मुदत मे 2020 मध्येच संपली होती. घोषणा 2022 ची, अंतिम अधिसूचना 2024 ची, आणि त्या सगळ्या काळात महापालिकेत प्रशासक. सरकारने विचारायचं आणि सरकारनेच नेमलेल्या अधिकाऱ्याने उत्तर द्यायचं, याला सल्लामसलत म्हणायचं असेल तर म्हणा. आमच्याकडे त्याहून बिकट. पंचायती संपल्या, सरपंच गेला, ग्रामसभा गेली आणि नगरसेवक तर नव्हताच. गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला? नवी मुंबईकरांनाही कुणी विचारलं नाही, आम्हालाही नाही, आणि वर दोघांनी एकमेकांकडे संशयाने बघायचं.

शेजारच्या कल्याणचं उदाहरण ताजं आहे. 1983 मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ, बदलापूरही तिच्यात होतं, 1992 मध्ये ते बाहेर पडलं. 27 गावं 2002 मध्ये वगळली, 2015 मध्ये परत घेतली. 2020 मध्ये त्यातली 18 पुन्हा काढायची अधिसूचना निघाली, ती डिसेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. सल्लामसलत कायद्याप्रमाणे झाली नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. एवढं होऊनही सरकारी खाती काही शिकली असं दिसत नाही.

हद्दीचा खेळ कुणाच्या फायद्याचा, हे वसुलीच्या वहीत स्वच्छ दिसतं. पंचायतीच्या काळात हायवेच्या कडेला गोदामं उभी राहिली. एका बाजूला भिवंडी, दुसऱ्या बाजूला उरणचं बंदर, मधे स्वस्त जमीन आणि पंचायतीची किरकोळ घरपट्टी. भंगारवाला, पत्र्याच्या शेडवाला, ड्रम साठवणारा यांना पंचायतच बरी होती. समावेशाची नुसती कुणकुण लागली की मात्र दुसरी मंडळी जागी होतात. नळ यायच्या आधी 'नवी मुंबईत घर' असे फलक लागतात आणि जमिनीचा भाव चढतो. मधे सापडतो तो गावठाणातल्या दोन खोल्यांचा मालक. त्याला पंचायतीत टँकर आणि महापालिकेत नोटीस.

घरपट्टीबद्दल लोकांना उगाच घाबरवलं जातं, हेही सांगायला हवं. नव्याने आलेल्या भागात पूर्ण दराचा कर पहिल्याच दिवशी लागत नाही, तो टप्प्याटप्प्याने चढवायची तरतूद कायद्यातच आहे. पण हे तक्ता करून चावडीवर कुणी लावलं नाही. मग अफवा पसरणारच, आणि 2007 च्या आधी पसरल्या तशाच पसरणार.

भूगोलाचं काय करायचं हाही प्रश्न आहेच. आम्ही पारसिकच्या डोंगराच्या पलीकडे. बेलापूरच्या मुख्यालयात जायचं तर शिळफाट्यावरून महापेला उतरा, म्हणजे मधे ठाणे महापालिका लागते. तळोज्यावरून जा, म्हणजे पनवेल महापालिका लागते. स्वतःच्याच शहरात जायला दुसऱ्याचं शहर ओलांडावं लागतं. ऐरोली-काटई रस्त्याचा बोगदा डोंगरातून काढलाय, पण तो कल्याण-डोंबिवलीच्या वाहतुकीसाठी आहे, आमच्या गल्लीसाठी नाही. मोरबे धरण नवी मुंबईचं स्वतःचं आहे याचा बेलापूर-वाशीकरांना सार्थ अभिमान आहे. ते पाणी डोंगराच्या या बाजूला कसं येणार, ते हद्द ठरवतानाच सांगायला हवं होतं. निदान आता सांगा.

गावं आत ठेवा किंवा वगळा, मला दोन्ही चालेल. माझं म्हणणं एवढंच, की पुन्हा रेघ ओढण्याआधी सरकारने गाववार लेखी जाहीर करावं: पाणी, कचरा, दिवाबत्ती, बांधकाम परवाना कोणत्या तारखेपासून कुणाकडे, आणि त्यासाठी पहिली पाच वर्षं पैसा कुठून. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आणि नमुना 8 आधी स्कॅन करून त्यांची प्रत गावातच ठेवावी. एकदा ठरलेली हद्द पुढची दहा वर्षं कुणी हलवू नये. महापालिकेचा सल्ला निवडून आलेल्या सर्वसाधारण सभेकडून घ्यावा. आणि हरकतींची सुनावणी कुठल्या भवनात न ठेवता गावातल्या शाळेत ठेवावी, रविवारी, म्हणजे गोदामात हमाली करणाऱ्यालाही येता येईल. बाकडी आणि चहा आम्ही बघतो.

आपला,
एक निवृत्त वसुली कारकून
दहिसर (मोरी), ता. जि. ठाणे