शीतगृहातील तापमान व दाब नोंदणी यंत्रणेच्या सदोष वायरिंगबाबत तक्रार

दिनांक : 17 मार्च 2025
नाशिक

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : सेन्सरची चुकीची जोडणी व अपुरा वीजपुरवठा यांमुळे झालेले नुकसान आणि दुरुस्तीची मागणी

महोदय,

दिंडोरी रस्त्यावरील आमच्या द्राक्ष शीतगृहात आपल्या कंपनीने गेल्या डिसेंबरमध्ये संगणकावर चालणारी नोंदणी यंत्रणा बसवून दिली. सहा खोल्यांमध्ये प्रत्येकी एक पीटी-100 तापमान सेन्सर (तापमानाबरोबर ज्याचा विद्युत रोध बदलतो असा), अमोनियाच्या सक्शन (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या) आणि डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून बाहेर जाणाऱ्या) लाइनवर एकेक दाब ट्रान्समीटर (दाबाप्रमाणे विद्युत प्रवाह कमी-जास्त करणारे उपकरण) आणि या सर्वांचे संकेत वाचून ते कार्यालयातील संगणकाला यूएसबीने देणारा आपला मॉड्यूल, असे तिचे स्वरूप आहे. मॉड्यूलबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती सेन्सरपासून मॉड्यूलपर्यंतच्या तारांबद्दल, आणि त्याहून अधिक म्हणजे दोष लक्षात आल्यावर तो ज्या रीतीने झाकला गेला त्याबद्दल.

यंत्रणा सुरू झाली त्याच आठवड्यात सहा नंबरच्या खोलीचे तापमान संगणकावर आमच्या काचेच्या थर्मामीटरपेक्षा 6.4 अंशांनी जास्त दिसू लागले. आम्ही कळवल्यावर जानेवारीत आपले तंत्रज्ञ आले आणि त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये सहाही चॅनलमधून (म्हणजे सहाही खोल्यांच्या रीडिंगमधून) सरसकट 6.4 वजा करून ठेवले. सहा नंबरचे रीडिंग जुळले, त्यांनी आमच्याकडून कामाच्या पावतीवर सही घेतली आणि आम्हीही विश्वासाने ती दिली.

फेब्रुवारीच्या अखेरीस एक नंबरच्या खोलीतील थॉम्पसन जातीच्या द्राक्षांच्या पेट्या उघडल्या तेव्हा घडांचे देठ तपकिरी पडून सुकलेले होते. संगणकातील नोंद मात्र तीन आठवडे 0 ते 0.5 अंशांच्या आतच होती, आणि आमचा ऑपरेटर त्या आकड्यावर भरवसा ठेवूनच कूलिंगचा व्हॉल्व्ह बंद करत आला होता. तेव्हा मी थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि पाणी भरून, नीट ढवळून, एक नंबरचा सेन्सर त्यात दहा मिनिटे बुडवून ठेवला. शून्य दिसायला हवे तिथे संगणकावर उणे 4.7 दिसले. म्हणजे नोंद 0.3 दाखवत असताना खोली प्रत्यक्षात 5 अंशांवर होती.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. सेन्सरच्या डोक्याचे झाकण उघडले तर त्यातून दोन लाल आणि एक पांढरी अशा तीन तारा निघतात, पण त्यांतली एक लाल तार कापून तिच्यावर काळी टेप गुंडाळलेली होती. पुढे मॉड्यूलपर्यंत दोनच तारांची केबल ओढलेली असून मॉड्यूलच्या तिसऱ्या टर्मिनलवर तारेचा छोटा तुकडा लावून जागा भरली आहे. पीटी-100 चा रोध शून्य अंशाला 100 ओहम असतो आणि दर अंशाला साधारण 0.385 ओहमने वाढतो, हे आपणांस सांगण्याची गरज नसावी. दोन तारांच्या जोडणीत केबलचा रोध थेट सेन्सरच्या रोधात मिसळतो. आपण वापरलेल्या 0.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.036 ओहम आहे. सहा नंबरची केबल 34 मीटर लांब आहे, म्हणजे जाऊन-येऊन 68 मीटर, सुमारे 2.45 ओहम आणि बरोबर 6.4 अंशांची चूक. एक नंबरची केबल मात्र अवघी 9 मीटर असून तिथे चूक केवळ 1.7 अंशांची होती, तरीही तिच्यातून 6.4 वजा केले गेले.

प्रत्येक चॅनलला वेगळी वजाबाकी लावून देतो, असे आपल्या तंत्रज्ञांनी फोनवर सुचवले, ते आम्हांस मान्य नाही. केबल पत्र्याच्या छताखालून जाते, आणि पहाटे व दुपारी तिथल्या तापमानात 20 अंशांचा फरक पडला तरी तांब्याचा रोध सुमारे 8 टक्क्यांनी बदलून लांबच्या खोलीत अर्ध्या अंशाची चूक राहील. तिसरी तार याचसाठी असते : तिच्यामुळे मॉड्यूल केबलचा रोध स्वतः मोजून वजा करतो.

दाबाच्या ट्रान्समीटरची गोष्ट वेगळी, पण निष्काळजीपणा तोच. त्यांच्या पट्टीवर 10 ते 30 व्होल्ट असे स्पष्ट छापलेले असताना त्यांना 12 व्होल्टचा साधा ॲडॉप्टर जोडला आहे. मॉड्यूलजवळ 250 ओहमचा रेझिस्टर आहे, म्हणजे 20 मिलिअँपिअरला एकट्या त्याच्यावरच 5 व्होल्ट खर्च होणार. ट्रान्समीटरला किमान 10 व्होल्ट द्यायचे तर रेझिस्टरसाठी 2 व्होल्टच उरतात आणि प्रवाह 8 मिलिअँपिअरच्या आसपास अडतो. ट्रान्समीटर शून्य दाबाला 4 आणि पूर्ण दाबाला 20 मिलिअँपिअर देतो. म्हणूनच 25 बारच्या रेंजचा डिस्चार्जचा आकडा सहा बारच्या थोडा वर जाऊन थबकतो, आणि शेजारचे काट्याचे गेज तेव्हा 12 बार दाखवत असते. अमोनियाच्या प्लँटमध्ये हा आकडा चुकीचा असणे किती गंभीर आहे, ते वेगळे लिहीत नाही.

याखेरीज सेन्सरच्या केबली कॉम्प्रेसरच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेल्या आहेत, आणि त्यांची शिल्ड (बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणारे धातूचे वेष्टन) दोन्ही टोकांना अर्थ केलेली आहे. प्लँटरूम आणि कार्यालय यांचे अर्थिंग वेगवेगळे असल्याने कॉम्प्रेसर सुरू होताच सगळी रीडिंग नाचू लागतात. त्यावर "ॲव्हरेजिंग वाढवा" (म्हणजे जास्त रीडिंगची सरासरी दाखवा) हा उपाय सांगण्यात आला, तोही झाकपाकीचाच.

तरी विनंती की, हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत आपल्या खर्चाने सर्व तापमान सेन्सरना तीन तारांची शिल्ड केबल घालून द्यावी, सॉफ्टवेअरमधील वजाबाकी काढून टाकावी, ट्रान्समीटरसाठी 24 व्होल्टचा स्वतंत्र पॉवर सप्लाय बसवावा, शिल्ड फक्त पॅनलच्या बाजूला अर्थ करून सेन्सरच्या केबली वेगळ्या ट्रेमधून न्याव्यात आणि प्रत्यक्ष जोडणीचा नकाशा आम्हांस द्यावा. काम संपल्यावर प्रत्येक सेन्सर माझ्यासमोर बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासला जाईल. थर्मास आमच्याकडे आहे.

एक नंबरच्या खोलीतील 412 पेट्या निर्यातदाराने नाकारल्या आणि त्या स्थानिक बाजारात पडेल भावाने विकाव्या लागल्या. त्याची बिले व नकारपत्राची प्रत सोबत जोडली आहे. भरपाईबाबत आपले लेखी उत्तर येईपर्यंत आपल्या बिलाची उर्वरित दहा टक्के रक्कम आम्ही रोखून ठेवत आहोत.

आपला विश्वासू,
मालक, द्राक्ष शीतगृह
दिंडोरी रस्ता, नाशिक

सोबत : सेन्सरच्या जोडणीची छायाचित्रे, फेब्रुवारीतील तापमान नोंदी, कामाच्या पावतीची प्रत, विक्रीची बिले व नकारपत्र