पापणीवर नीलकंठ

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
१८ नोव्हेंबर

प्रिय रश्मी,

दिवाळीत तू आली नाहीस, म्हणून हे लिहूनच कळवते. ती डोळ्यांच्या रंगांची, आयशॅडोची पेटी मी वापरायला काढली! पोळ्याच्या सुमारास आलेली, 'लिमिटेड एडिशन' म्हणून जिवापाड जपलेली. एकदाच निघते, संपली की पुन्हा मिळत नाही, या भीतीनं दसऱ्यापर्यंत ती साडीच्या घडीतच होती. शेवटी मागच्या बाजूला उघड्या झाकणाच्या डबीचं चित्र आणि त्यात १२एम लिहिलेलं दिसलं. उघडल्यापासून १२ महिने, आणि ती तर आली तेव्हाच उघडली होती. म्हणजे मी जपत बसले तरी पेटी काही थांबणार नव्हती.

आली तेव्हा मोरपंखी निळा कप्पा पार फुटलेला होता. कुरिअरवाल्यानं कुठं आपटली देव जाणे. मला रडूच आलं, कारण त्याच रंगासाठी घेतली होती गं. मग मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. दाभणाच्या टोकानं खडे बारीक केले, थेंबथेंब टाकत गेले. भुकटीचं आधी चिखल, मग लोण्यासारखं झालं. त्यावर जुन्या धोतराचं फडकं ठेवून रुपयाच्या नाण्यानं कडेकडेनं दाबलं. फडकं उचललं तर विणीचे बारीक चौकोन निळ्यावर उमटलेले. रात्रभर उघडं ठेवलं. सकाळी घट्ट!

दसऱ्याला पहाटे वावरात गेलो होतो. विजेच्या तारेवर नीलकंठ बसला होता. उडाला आणि पंख उघडले, तो निळा तुला आठवतो ना? नववीच्या पोरींना मी प्रकाश शिकवते, तेव्हा आता हेच उदाहरण देते. त्या पंखात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या आतली बारीक रचना उजेड विखुरते, म्हणून तो निळा दिसतो. चमकदार आयशॅडोचंही थोडं असंच आहे. अभ्रकाच्या चकत्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि त्याच्या जाडीप्रमाणे झळाळीचा रंग बदलतो.

संध्याकाळी सोनं वाटायला जायच्या आधी बसले आरशासमोर. आपल्या सावळ्या कातडीवर तो निळा नुसता टेकवला तर राखाडी पडतो, हे आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं होतं. खाजही आली नाही. म्हणून पापणीवर आधी पांढरी काजळपेन्सिल फिरवून बोटानं पसरली. मग निळा. चमकीचा रंग ब्रशनं नाही, अनामिकेनं दाबून लावायचा, घासायचा नाही. बाहेरच्या कोपऱ्यात जांभळा मॅट ब्रशनं, आणि दोन्हींची कड पुसट करायला कोरडा ब्रश. काजळ मात्र आजीचंच, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट धरून पाडलेलं. बाजारातला खुला सुरमा मी घेत नाही, त्यात शिसं असू शकतं.

आजीनं हनुवटी धरून उजेडाकडे वळवलं. म्हणाली, "माय वं, नीलकंठच बसला व्हय डोयावर!" मग स्वतःच डोळे मिटून म्हणाली, "मलेबी लाव थोडासा." तिच्या सुरकुतलेल्या पापणीवर निळा बसवायला किती वेळ लागला सांगू! कातडी एका बोटानं हलकी ताणून धरावी लागते, नाहीतर रंग फक्त घड्यांच्या वरच राहतो. आजी आपट्याची पानं घेऊन त्या डोळ्यांनी अख्ख्या आळीत फिरून आली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, मास्तरीणबाईंना हे शोभतं काय. मला शोभतं, रश्मी. मनापासून सांगते, त्या संध्याकाळी मी स्वतःला फार आवडले.

शाळेच्या गॅदरिंगसाठी पोरी आता मला विचारतात. त्यांनी क्राफ्टची चमकी डोळ्यांना लावायची ठरवली होती, ती मी हातातून काढूनच घेतली. त्याचे कोपरे धारदार असतात, बुबुळाला ओरखडा जातो. डोळ्यांसाठीचीच चमकी हवी.

आता कापसाची वेचणी सुरू झालीय, उसंत नाही. पण पेटीतल्या नारंगी कप्प्याला मी अजून बोट लावलेलं नाही. पळस फुलेल तेव्हा फाल्गुनात तू ये. निळा मी लावेन, नारंगी तुला लावून देईन, आणि आजीला कुठला हवा ते तीच सांगेल.

तुझी,
मेघा