फेरेट घरात राहतो, डासही घरात येतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत परदेशी पाळीव प्राण्यांवर जो लेख आला, त्यात फेरेट (मुंगसासारखा दिसणारा, लांबट अंगाचा छोटा प्राणी) घराबाहेर जात नसल्याने त्याला आजाराची फारशी भीती नसते, असा सूर होता. ह्यूस्टनमध्ये बरीच वर्षे फेरेट पाळत असल्यामुळे त्याबाबत थोडे लिहिणे भाग आहे.

भीती आहे ती हार्टवर्मची. हृदयात आणि फुप्फुसाच्या धमन्यांत वाढणारा हा मुळात कुत्र्यांचा जंत. बाधित कुत्र्याचे रक्त पिताना डासाच्या पोटात गेलेल्या त्याच्या सूक्ष्म अळ्या उबदार हवेत साधारण 10 ते 14 दिवसांत संसर्ग करण्याजोग्या होतात, आणि त्यानंतरचा चावा कुत्र्याला बसतो, मांजराला की फेरेटला, हे डास पाहत नाही. टेक्सासच्या किनारपट्टीवर डास थंडीतही पुरते हटत नाहीत आणि दाराची जाळी क्षणभर उघडी राहिली तरी आत शिरतात. कुत्रा पंचवीस-तीस जंत घेऊनही काही काळ हिंडताफिरता राहू शकतो. पण जेमतेम किलोभर वजनाच्या फेरेटचे हृदय मोठ्या जांभळाएवढे, त्याचा जीव घ्यायला एक-दोन जंतही पुरतात.

शिवाय हा प्राणी दिवसातले चौदा तास किंवा त्याहून अधिक झोपतो, त्यामुळे मरगळ आली आहे हे कळायलाच उशीर होतो. आमच्या परिचितांचा फेरेट आठवडाभर ‘आळसावला’ होता. धाप लागली तेव्हा छातीत पाणी साठलेले निघाले. रक्ततपासणी निर्दोष आली होती. ही तपासणी प्रामुख्याने प्रौढ मादी जंताच्या अंशावर चालते, आणि जंत एखाद-दुसराच असला की ती सहज चुकते. हृदयाची सोनोग्राफी अधिक भरवशाची. कुत्र्यांना देतात ते आर्सेनिकयुक्त इंजेक्शन फेरेटला धोक्याचे ठरते, शिवाय मेलेला जंत फुप्फुसाच्या धमनीत अडकण्याची भीती असतेच.

म्हणून सारी भिस्त प्रतिबंधावर. दरमहा मानेच्या मागे, केस बाजूला सारून थेट कातडीवर सोडायचे औषध डासाला रोखत नाही. मागच्या महिन्यात शरीरात शिरलेल्या अळ्या ते मारते. दोन-तीन महिने खंड पडला, तर त्या अळ्या औषधाला दाद न देण्याइतक्या वाढतात, त्यामुळे ‘आता डास कमी झालेत’ हा हिशेब महागात पडतो. आमच्या ठकी या फेरेटची मानगूट धरली की ती भलीमोठी जांभई देते. तेवढ्यात थेंब टाकून होतो. मात्र नळी कुत्र्याची नको: मांजरांच्या व फेरेटच्या औषधात मॉक्सिडेक्टिन या जंतनाशकाचे प्रमाण 1 टक्का असते, कुत्र्यांच्या औषधात 2.5 टक्के. घरात कुत्राही असेल, तर ही गफलत व्हायला वेळ लागत नाही. मात्रा वजन पाहून पशुवैद्यानेच ठरवावी.

लेखाच्या पुढच्या भागात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, ह्यूस्टन (टेक्सास)