सभेला बोलावलं म्हणजे सहभाग झाला?

संपादक महोदय,

विकसनशील देशांतल्या योजनांबद्दल काहीही वाचा, "लोकसहभाग" हा शब्द ठरलेलाच, जणू चार माणसं सभेला बसवली की भ्रष्टाचार आपोआप गायब. पण इंडोनेशियातल्या 600 हून जास्त गावांच्या रस्त्यांवर अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी केलेला अभ्यास बघा जरा, 2007 मध्ये छापून आलाय. तयार रस्ते चक्क खणून नमुने काढले, खडी-वाळू खरंच किती पडलीय ते मोजलं आणि कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिलं. जिथे सरकारी ऑडिट नक्की होणार असं आधीच सांगून ठेवलं तिथे गायब होणारा पैसा साधारण 8 टक्के पॉइंटनी घटला, आणि जिथे गावकऱ्यांना सभेची जादा आमंत्रणं वाटली तिथे एकूण फरक नावापुरताच, मजुरीतली चोरी कमी झाली ती मटेरियलकडे सरकली. (ऑडिटवाल्या गावांत नातेवाइकांना कामावर लावणं वाढलं, पळवाट निघतेच!)

म्हणून सहभाग फालतू आहे असं अजिबात नाही. पश्चिम बंगालमध्ये जिथे ग्रामपंचायतीचं प्रधानपद महिलांसाठी राखीव झालं तिथे पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली, हे 2004 च्या अभ्यासात दिसलंय. पण तिथे बायकांना नुसतं सतरंजीवर बसवलं नव्हतं, खुर्ची दिली होती.

तुमच्या बातम्यांत सभेला किती लोक आले ते येतं, बिल अडवायचा अधिकार त्यातल्या कोणाला होता तेही एकदा विचारून छापा ना.

– एक नियमित वाचक